खुंटीवरचा सदरा

अमरावतीच्या जुन्या वस्तीत, अंबादेवीच्या देवळाकडे जाणाऱ्या एका गल्लीत, पन्नासएक वर्षांपूर्वी एक लहानसा आखाडा होता. कौलारू छप्पर, आत तांबड्या मातीचा हौदा, भिंतीत मारुतीचा कोनाडा आणि मागच्या अंगणात पुरलेला एक मल्लखांब, एवढाच त्याचा संसार. दाराजवळ लाकडी खुंट्यांची रांग होती. येणारा प्रत्येक मुलगा आपला सदरा तेथे अडकवी, लंगोट कशी, चिमूटभर माती कपाळाला लावी आणि मग हौद्यात पाऊल टाकी. रांगेतील शेवटची खुंटी मात्र कित्येक दिवस रिकामीच राहिली. ती ज्याच्या वाट्याला आली होती, तो बारा वर्षांचा मुलगा सदरा काढीतच नसे.

मुलगा अंगाने अगदीच किरकोळ होता. बरगड्या मोजून घ्याव्यात, अशी त्याची छाती. शाळेत त्याला 'काडीपैलवान' म्हणत. असे नाव ठेवणाऱ्यास ती घटकाभराची गंमत वाटते. ज्याला ते चिकटते, त्याच्याबरोबर ते घरापर्यंत येते आणि जेवताना पाटाशेजारी बसते. वऱ्हाडचा उन्हाळा मोठा कडक. वैशाखात सारी पोरे मळ्यातल्या विहिरीवर पोहायला जात; हा आपला काठावर बसून त्यांचे कपडे राखी. त्याच्या वर्गात एक चांगला जाडजूड मुलगाही होता आणि तोही काठावरच बसून असे, ही गोष्ट याच्या ध्यानात फार उशिरा आली.

आखाड्यात त्याला पाठविले ते त्याच्या आजीने. पहिल्या दिवशी त्याचा उत्साह उतू जात होता. पन्नास जोर काढायचे, असे त्याने मनाशी ठरविले होते, सहा निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे दंड असे भरून आले की, पाण्याचा तांब्या तोंडापर्यंत नेणे कठीण झाले. तरीही तो गेला. संध्याकाळी घरात कोणी नाही असे पाहून तो आईच्या वेणीफणीच्या आरशासमोर उभा राही आणि दंड वळवून पाही. आरसा तळहाताएवढा, त्यामुळे दंड एकदा पाहायचा आणि छाती एकदा पाहायची, असे दोन हप्त्यांत चाले. दोन आठवडे झाले. दंड होता तेवढाच होता. सोळाव्या दिवशी त्याचे पोट दुखू लागले, सतराव्या दिवशी गृहपाठ फार निघाला आणि अठराव्या दिवसापासून कारण सांगण्याचीही गरज उरली नाही.

त्या बिचाऱ्या मुलाला ठाऊक नव्हते की, आरसा त्याला अर्धीच हकीकत सांगत होता. सवय नसलेले श्रम केले म्हणजे स्नायूंच्या तंतूंना अगदी सूक्ष्म इजा होते. तिचा ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत अधिक जाणवतो आणि पुढे आपोआप ओसरतो. तेच श्रम पुन्हा केले तर पहिल्याइतके दुखत नाही. बळाची गोष्ट याहून नवलाची आहे. व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत जे बळ वाढते, ते बहुतांशी स्नायू जाड झाल्यामुळे वाढत नाही. मेंदूची आज्ञा मज्जातंतूंवाटे स्नायूपर्यंत जाते. परंतु सराव नसलेल्या स्नायूतील सगळेच तंतू त्या आज्ञेसरशी एकदम कामाला लागत नाहीत. सरावाने अधिकाधिक तंतू एका वेळी उठू लागतात. वयात येण्यापूर्वी तर मुलांचे बळ मुख्यत्वे असेच वाढत असते. म्हणजे सहा जोर काढणारा मुलगा पंधरा जोर काढू लागला, तरी त्याच्या दंडाचा घेर सुताएवढाही वाढलेला नसेल! शिवाय शरीराचे वाढीचे वेळापत्रक प्रत्येकाचे निराळे. मुली साधारणतः मुलांच्या दोन वर्षे आधी झपाट्याने उंच होऊ लागतात आणि एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकी एक मोठ्या माणसासारखा दिसतो, तर दुसऱ्याची वाढ अजून सुरूही झालेली नसते. यात पहिल्याचा पराक्रम नाही आणि दुसऱ्याचा दोषही नाही. त्या मुलाजवळ तळहाताएवढा एक आरसा तरी होता. आजच्या मुलांच्या हाती मोबाईल आहे आणि त्यात कोणा अनोळखी माणसाची निवडून घेतलेली, उजळून काढलेली छबी असते. तिच्याशी आपला दंड ताडून पाहणे म्हणजे त्याहूनही व्यर्थ खटाटोप.

आठवडाभराने वस्ताद त्याला बाजारात भेटले. ते साठीचे होते. पिळदार शरीर, बोलणे तोकडे.

"काहून रे, कुठी हायस?" त्यांनी विचारले.

"वस्ताद, काहीच फरक पडत नाही," मुलगा खाली पाहून म्हणाला.

"पहिल्या दिवशी जोर किती काढले होते?"

"सहा."

"आन् शेवटच्या दिवशी?"

मुलगा घुटमळला. शेवटच्या दिवशी त्याने चौदा जोर काढले होते. हा हिशेब त्याने कधी केलाच नव्हता.

"मंग? उद्यापासून मल्लखांबावर ये. तू त हलका हायस. तिथं जाड्या पोराईले जड जाते."

मल्लखांबाची कथा वस्ताद मोठ्या आवडीने सांगत. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी बाळंभटदादा देवधर नावाचे मल्ल होते. अली आणि गुलाब नावाचे दोन बलाढ्य पैलवान निजामाच्या मुलखातून पुण्यास आले आणि त्यांनी दरबाराला आव्हान दिले. बाळंभटदादांनी वणीच्या सप्तशृंग गडावर जाऊन तयारी केली. तेथे माकडांच्या लाकडी खांबावरील कसरतींवरून त्यांना नवे डाव सुचले आणि परतल्यावर त्यांनी अलीला चीत केले, असे सांगतात. खांब काही मनुष्यासारखा हलत नाही, दमत नाही आणि हरतही नाही. म्हणून त्याच्याशी झोंबणाऱ्याला दुसऱ्याकडे पाहण्याचे कारण पडत नाही.

दुसरी कथा अमरावतीचीच होती आणि ती सांगताना वस्तादांचा आवाज किंचित चढे. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी या गावात हनुमान आखाडा उभारला. देश परक्यांच्या ताब्यात, माणसे खचलेली. अशा काळात तरुणांनी शरीर कमवावे, ही त्यांची तळमळ होती. त्याच रोपट्याचा पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हा वृक्ष झाला आणि आज तेथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालयही आहे. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा या मंडळाचे पथक तेथे गेले आणि हुतूतू, मल्लखांब यांसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके त्याने परदेशी लोकांना दाखविली. त्या सामन्यांत ध्यानचंदांच्या संघाने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले, हे सर्वांना ठाऊक असते; आपल्या वऱ्हाडातील माणसेही त्या गावी जाऊन आली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. "थे काही राक्षस नव्हते," वस्ताद म्हणत, "तुमच्यासारखेच भाकर खाणारे होते."

मल्लखांबाला एरंडेल तेल लावतात. खांब गुळगुळीत, वर निमुळता होत गेलेला, माथ्यावर बोंड. हातांनी खांब धरायचा, पाय वर टाकून त्याला वेढा द्यायचा आणि डोके खाली करून राहायचे, ही अढी. सगळे शिक्षण येथून सुरू होते. पहिल्या दिवशी मुलाने सदऱ्यासकट पाय वर टाकले. सदरा उलटून तोंडावर आला, डोळ्यांपुढे अंधार झाला, पकड सुटली आणि तो मातीत पालथा पडला. पोरे हसली. वस्तादही हसले. दुसऱ्या खेपेस तेच झाले. तिसऱ्या खेपेस मुलाने रागारागाने सदरा काढला आणि भिरकावून दिला. तो कोणीतरी उचलून शेवटच्या खुंटीला अडकविला. त्याच्या बरगड्या सर्वांना दिसल्या खऱ्या. पण त्या वेळी सर्वांचे लक्ष त्याचे पाय खांबाला वेढा देतात की नाही, इकडे लागले होते.

पाय टिकले नाहीत. ते टिकायला आणखी नऊ दिवस लागले.

वस्तादांची एक रीत होती. भिंतीवर प्रत्येकाच्या नावापुढे रोज कोळशाने एक रेघ ओढायची. ती कशी गेली, चांगली की वाईट, याची नोंद नाही, आल्याची तेवढी. पावसाळ्यात छप्पर गळे, अंगणात चिखल होई, खांबाला गोणपाट गुंडाळावे लागे. तरी मुलगा येई, जोर काढी आणि रेघ ओढून जाई. काही दिवस गेलेही चुकून. परीक्षेच्या दिवसांत आठवडाभर रेघ नव्हती आणि नंतर पहिल्या दिवशी त्याला हौद्यात जाण्याचीच लाज वाटली. वस्तादांनी काही विचारले नाही. कोळसा पुढे केला. फार दिवसांनी परत येणाऱ्याला हिशेब विचारला तर तो पुन्हा येत नाही, हे त्यांना अनुभवाने कळले असावे. आरशाकडे पाहणे त्याने ठरवून सोडले, असे नाही. पकडीपाठोपाठ उड्या आल्या, मग एक फिरकी जमेना म्हणून महिना गेला, आणि त्या गडबडीत आरसा मागे पडला.

२६ जानेवारीला शाळेच्या मैदानावर आखाड्यातील मुलांनी मल्लखांब करून दाखविला. मुलाचा क्रम तिसरा होता. त्याने खांबाला नमस्कार केला, अढी मारली, दोन उड्या साधल्या. फिरकीच्या वेळी मात्र हात तेलावरून निसटला आणि तो घसरत खाली आला. मैदानात हलकीशी कुजबूज झाली. त्याने तळहात मातीला पुसले, पुन्हा वर चढला, फिरकी पुरी केली आणि बोंडावर पोट टेकवून हातपाय पसरून तो तोलून राहिला. विहिरीच्या काठावर त्याच्याशेजारी बसणारा तो जाडजूड मुलगा पुढच्या रांगेत होता. कार्यक्रम संपल्यावर त्याने याला बाजूला घेऊन हळूच विचारले, "मले जमेल काय रे?" मग दोघेही बोलत बोलत बरेच दूरपर्यंत चालत गेले.

घरी पोहोचला तेव्हा आजी उन्हात बसून ज्वारी निवडीत होती. तिने मान वर करून नातवाकडे पाहिले. अंगावर फक्त अर्धी चड्डी, छातीवर तेलामातीचे पट्टे, आणि हवा तर अशी गार की तिने स्वतः शाल लपेटलेली.

"काहून रे बाप्पा, सदरा कुठी हाय तुहा?"

मुलाने अंगाकडे पाहिले. मैदानातून, बाजारातून, सगळ्या गल्लीतून तो तसाच आला होता. सदरा सकाळपासून शेवटच्या खुंटीला होता.