आंधळा डोळा

मागच्या आठवड्यात इंग्रजीचे सर रजेवर होते, म्हणून नववीचा तास माझ्याकडे आला. मी उर्दू-मराठीचा माणूस. फळ्यावर आधीच एक वाक्प्रचार लिहिलेला होता: ‘टर्न अ ब्लाइंड आय’.

अर्थ सांगायला वेळ लागला नाही. मराठीत डोळेझाक किंवा कानाडोळा करणे, उर्दूत चश्मपोशी. मग गोष्ट सांगितली. २ एप्रिल १८०१, कोपनहेगनची समुद्री लढाई. इंग्रज आरमाराचा प्रमुख हाइड पार्कर. त्याने लढाई थांबवा म्हणून निशाण चढवलं. त्याच्या हाताखालच्या नेल्सनची उजव्या डोळ्याची नजर १७९४ मध्ये कॉर्सिकात गेली होती. सांगतात की, त्याने दुर्बीण त्याच डोळ्याला लावली आणि म्हणाला, मला निशाण दिसत नाही. लढाई जिंकली, म्हणून ते कौतुकाचं ठरलं. हा वाक्प्रचार बहुतेक लोक या किश्शाशी जोडतात. आज मात्र तो कौतुकानं क्वचितच वापरतात. समोर चूक दिसतेय, बोलणं आपलं काम आहे, तरी आपण गप्प बसतो, तिथे तो वापरायचा. नकळत नजरेतून सुटलेल्या गोष्टीला तो लागत नाही.

एका मुलीने विचारलं, “सर, मग दरगुजर आणि चश्मपोशी एकच का?”

मी म्हणालो, “नाही बेटा. दरगुजर म्हणजे चूक पाहून माफ करणं. चश्मपोशी म्हणजे पाहून न पाहिल्यासारखं करणं.”

बोललो खरा, पण घसा कोरडा पडला. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा पहिल्या तासालाच पेंगायचा. रात्री लूमवर कांडी भरायला जातो, हे मला ठाऊक होतं. “झोपू दे बिचाऱ्याला,” म्हणून मी त्याला कधी उठवलं नाही. ना त्याच्या अब्बांना भेटलो, ना मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं. माझ्या मते ती रहमदिली होती. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेत आलाच नाही.

त्याची झोप मोडली नाही, याचं मला वाईट वाटत नाही. ती झोप कशामुळे, हे माहीत असून मी दुर्बीण आंधळ्या डोळ्याला लावली होती.

तास संपला. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा जांभई देत दप्तर भरत होता. त्याला थांबवलं आणि जवळ बसवून विचारलं, “रात्री किती वाजता झोपतोस, बेटा?”