दोन पाकिटं

परवा रात्री 'रिप्राइज' पुन्हा पाहिला. योआखिम त्रिएरचा २००६ चा नॉर्वेजियन सिनेमा. एरिक आणि फिलिप हे दोन मित्र आपापल्या कादंबरीचं बाड घेऊन पोस्टाच्या पेटीसमोर उभे, आणि पाकीट आत पडायच्या आधीच पुढचं सगळं आयुष्य डोळ्यांसमोर! प्रत्यक्षात फिलिपचं पुस्तक निघतं, एरिकचं साभार परत. पुढे फिलिपचं मनच ढासळतं. तो भाग बघवत नाही.

मला मात्र आमची पेटी आठवली. टाकव्याहून सायकलवर डबलसीट कान्ह्याला जाऊन आम्ही दोघांनी एकाच दिवाळी अंकाला कथा पाठवल्या होत्या. माझी छापून आली, त्याची परत. त्याची जास्त चांगली होती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. बोललो नाही.

दिलीप चित्रे आणि अरुण कोलटकर यांनी मित्रांबरोबर १९५४ मध्ये 'शब्द' हे सायक्लोस्टाइल केलेलं अनियतकालिक काढलं. चित्रे तेव्हा १६ च्या आसपासचे! त्यांचा 'कविता' १९६० मध्ये आला. वयाने मोठ्या कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह थेट १९७७ मध्ये. पण मधे, १९६७ मध्ये, चित्र्यांनी मराठी कवितांचं इंग्रजी संकलन केलं, त्यात कोलटकर होते.

आणि मी? 'नवीन काही लिहिलंस का?' एवढंही कधी विचारलं नाही.

असो. काल पुलावर भेटला, शिफ्टला निघाला होता. म्हटलं, ती कथा आहे का रे अजून?

"कुठली?" म्हणाला, आणि गाडीला किक मारली.