पुस्तक कोणतं घ्यायचं, हे ठरवतं कोण?

दंतवैद्यकाला, म्हणजे बीडीएसला जायचं तर नीट द्यावी लागते, हे आता आपल्या वस्त्यांमध्येही सगळ्यांना माहीत झालं आहे. पण नीटसाठी कोणतं पुस्तक घ्यायचं, हे सांगतं कोण? मी ज्या वस्तीत काम करते तिथं तिघं सांगतात : क्लासचा एजंट, पुस्तकांचा दुकानदार आणि मोबाईलवरची जाहिरात. तिघांनाही काहीतरी विकायचं असतं. आपले कार्यकर्ते मात्र या विषयात गप्प असतात. वसतिगृहासाठी, शिष्यवृत्तीसाठी आपण मोर्चे काढतो आणि ते काढलेच पाहिजेत. पण मुलीच्या हातात कोणतं पुस्तक पडतं हा प्रश्न आपण बाजारावर सोडून दिला आहे. माझा आक्षेप यालाच आहे.

"मेहनती पोरगं कुठल्याही पुस्तकातून पास होतं," असं आपलेच लोक म्हणतात. हे तपासून पाहू.

महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावीच्या जीवशास्त्रात, म्हणजे 2019 साली आलेल्या बालभारतीच्या पुस्तकात, प्राण्याचा नमुना म्हणून झुरळ आहे. एनसीईआरटीच्या कमी केलेल्या पुस्तकात त्या जागी बेडूक आहे. नीटचा पेपर एनसीईआरटीच्या अंगाने जातो. म्हणजे बोर्डाचं पुस्तक तोंडपाठ केलेल्या मुलीने बेडकाचं हृदय कधी वाचलेलंच नसतं. यात तिची मेहनत कुठे कमी पडली?

दुसरं उदाहरण तर दातांचंच आहे. माणसाच्या दातांचे प्रकार आणि दातांचं सूत्र एनसीईआरटीच्या जुन्या अकरावीच्या पुस्तकात पचनाच्या धड्यात होतं. 2022 मध्ये धडे कमी केले तेव्हा तो धडा गेला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2024 च्या नीटसाठी जो अभ्यासक्रम दिला, त्यातूनही तो वगळला गेला. रसायनशास्त्रातून स्थायू अवस्था, पृष्ठभाग रसायन, बहुवारिके हे धडे गेले. बालभारतीत मात्र मानवी पोषणाच्या धड्यात दात आहेतच. बारावी बोर्डाची आणि प्रवेश नीटवर, असा दुहेरी अभ्यास करणाऱ्या मुलीला कोणता धडा कुठल्या परीक्षेसाठी आहे हे कोणीतरी सांगावं लागतं. नाहीतर दातांचा डॉक्टर व्हायला निघालेली पोर नीटच्या आदल्या महिन्यात दातांचं सूत्र पाठ करत बसते.

डॉक्टरांच्या घरातल्या मुलाला हे जेवताना कळतं. समाजशास्त्रात बोर्द्यू ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो ते हेच. कोणतं पुस्तक वाचायचं नाही हे आधीच माहीत असणं, हा त्या भांडवलाचा सर्वांत मोठा हप्ता आहे. परीक्षेनंतर त्यालाच 'गुणवत्ता' असं नाव मिळतं.

आणि या गुणवत्तेचं काय होतं तेही पाहा. बीडीएसच्या जागा रिकाम्या राहू लागल्या तेव्हा 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2020-21 च्या प्रवेशासाठी पात्रता 10 पर्सेंटाइलने खाली आणली. तेव्हा गुणवत्ता बुडाली म्हणून कोणी छाती बडवली नाही. पण पात्रता खाली आली म्हणून आपल्या मुलांना फायदा झाला असंही नाही. खाजगी कॉलेजची फी भरणं आपल्याला जमत नाही. आपल्याला हवी असते ती मुंबई, नागपूर, औरंगाबादच्या शासकीय दंत महाविद्यालयातली जागा, आणि तिथं एकेक गुण मोजला जातो.

आमच्या अभ्यासिकेत एक मुलगी येते. वडील कंत्राटी सफाई कामगार. आईने बचत गटातून कर्ज काढलं आणि एका क्लासच्या मॉड्यूलचा संच घेतला, वीस-बावीस पुस्तकं. क्लासची फी परवडत नव्हती म्हणून नुसती पुस्तकंच घेतली. ती पुस्तकं वर्गात सर शिकवणार हे धरून लिहिलेली. सर नसतील तर पानोपानी नुसती सूत्रं आणि प्रश्न. त्या ढिगात एनसीईआरटीचं एकही पुस्तक नव्हतं. "ताई, एवढी पुस्तकं आहेत तरी मला काहीच येत नाही, म्हणजे माझंच डोकं कमी," असं ती म्हणाली. कर्ज फिटेल कधीतरी. पण हे वाक्य एकदा मनात बसलं की फार दिवस मुक्काम करतं.

आम्ही काय केलं ते सांगते, कारण ते कुठल्याही वस्तीत करता येतं. आधी आयोगाच्या अभ्यासक्रमाची छापील प्रत काढून भिंतीवर लावली. मग एनसीईआरटीची दहा पुस्तकं जमवली : जीवशास्त्राची दोन, भौतिकशास्त्राची चार, रसायनशास्त्राची चार. एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर ती फुकट आहेत. पेपर 720 गुणांचा आणि त्यातले 360 जीवशास्त्राचे. म्हणजे निम्मे गुण दोन पुस्तकांभोवती फिरतात. ती दोन ओळ न ओळ, पुन्हा पुन्हा वाचायची. भौतिकशास्त्र नुसतं वाचून येत नाही, त्यासाठी गणितं सोडवायचं एक पुस्तक हवं. एकच, पण शेवटपर्यंत. मॉड्यूल फेकली नाहीत, त्यांतले प्रश्न धडा झाल्यावर सरावाला घेतले. एमएचटी-सीईटीचे संच मात्र बाजूला ठेवले. ती परीक्षा वेगळी, तिच्यावर बीडीएस मिळत नाही. शिवाय तिथं चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि नीटमध्ये एक गुण जातो. ठोकून द्यायची सवय इथं महागात पडते.

जुन्या प्रश्नपत्रिका घेतानाही वर्ष पाहावं लागतं. 2021 ते 2024 या काळात 200 प्रश्नांतले 180 सोडवायचे असत. 2025 पासून प्रश्नच 180 आणि मिनिटंही 180. रद्दीतून स्वस्तात मिळालेली सराव परीक्षा जुन्या पद्धतीची असेल, तर प्रश्न उपयोगी, पण वेळेचा सराव चुकीचा.

भाषेचाही मोठा घोळ आहे. नीट मराठीतून देता येते. प्रश्न मराठी आणि इंग्रजी दोन्हींत येतात, अनुवादात शंका आली तर इंग्रजी ग्राह्य धरतात. पण एनसीईआरटीची ही पुस्तकं मराठीत नाहीत. परीक्षा मराठीत आणि पुस्तक इंग्रजीत, असला हा न्याय! सरकारने ती मराठीत द्यावीत ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. तोवर आमची मुलं दहावीचं मराठी विज्ञान पुस्तक शेजारी ठेवून दुरेघी वही करतात. एका बाजूला मायटोकाँड्रिया, दुसऱ्या बाजूला तंतुकणिका. ऑस्मोसिस, परासरण. मिऑसिस, अर्धसूत्री विभाजन. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीला या वहीने जेवढा धीर दिला तेवढा कुठल्याही भाषणाने दिला नसेल.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं. ते नाकारलं गेलं आणि पर्शियन घ्यावं लागलं. कोणी काय वाचायचं हे दुसऱ्यांनी ठरवण्याचा हा इतिहास आहे. त्याच बाबासाहेबांना केळुसकर गुरुजींनी सत्काराच्या वेळी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं. पोराच्या हातात योग्य वेळी योग्य पुस्तक पडलं की काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून एक बोचणारी गोष्ट आपल्याच माणसांना सांगते. आरक्षण आपला हक्क आहे आणि राहील. पण राखीव जागेवरही आपल्यातलीच मुलं एकमेकांशी स्पर्धा करतात. नोकरदाराचा मुलगा लातूरला, कोट्याला जातो. त्याचा निकाल लागला की पुस्तकं रद्दीत जातात आणि चार गल्ल्या पलीकडची पोर कर्जाने तीच नवी घेते. ती रद्दी विहारात का येत नाही?

6 डिसेंबरला चैत्यभूमीवर पोटाला चिमटा घेऊन पुस्तकं विकत घेणारा आपला समाज आहे. त्याला हे अवघड नाही. प्रत्येक विहारात बाबासाहेबांच्या खंडांशेजारी एक फळी रिकामी करा. त्यावर ती दहा पुस्तकं, चालू वर्षाचा अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका आणि एक दुरेघी वही ठेवा. 14 एप्रिलच्या वर्गणीतून एवढा खर्च सहज निघतो. आणि आपल्यातल्या बीडीएस, एमबीबीएस झालेल्या ताई-दादांनी महिन्यातून एक रविवार तिथं बसावं. शिकवता आलं नाही तरी चालेल. कोणतं पुस्तक वाचायचं नाही, एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं.

जय भीम.