मेणवलीच्या घाटावर वैशाख

वाईहून कृष्णाकांठानें कोसभर वर गेलें कीं मेणवली लागते. नाना फडणिसांचा वाडा, त्यामागचा घाट आणि घाटावरचीं देवळें यांचें चित्र न काढलेला चित्रकार महाराष्ट्रांत विरळाच. २००४ सालीं ‘स्वदेस’ या चित्रपटामुळें तर तो घाट साऱ्या देशानें पाहिला. तेव्हां यंदां वैशाखांत रंगपेटी घेऊन मीं तेथें मुक्काम केला, त्या वेळीं मनांत धाकधूक होती ती उन्हाची नव्हे. इतक्यांनीं पाहिलेल्या या जागीं आपल्यासाठीं कांहीं उरलें असेल काय, याची होती.

जलरंगाला वैशाख मोठा वैरी. आकाशाचा पातळ हात कागदाच्या निम्म्यावर येतो न येतो, तोंच वरची कड वाळते आणि मध्यें नको ती रेघ उमटते. कागद दोन्ही बाजूंनीं भिजवून घ्यावा व मोठे हात ऊन चढण्यापूर्वीं उरकावेत, एवढाच काय तो उपाय. दहा वाजतां चित्रकार सामान आवरतात. मीहि आवरीत असें व झाडाखालीं बसून राहीं.

त्या रिकाम्या बसण्यांतच घाट दिसला. मे महिन्याच्या मध्यास या भागांत सूर्य माध्यान्हीं थेट डोक्यावर येतो. माणसाची सावली पायांखालीं लपते आणि पायऱ्यांच्या उभ्या दगडांवर ऊन मुळींच पडत नाहीं. ते काळेठिक्कर दिसावयास हवेत. पण तसे ते दिसेनात! खालच्या तापलेल्या पायरीचा उजेड वर उसळून त्यांची खालची बाजू तांबूस झाली होती, आणि वरच्या कडेला आकाशाची निळसर झांक होती. अल्ट्रामरीन निळा व बर्न्ट सिएना हे दोनच रंग मीं ओले असतांना शेजारीं सोडले. काळ्या रंगाची नळी त्यानंतर उघडलीच नाहीं.

घाटावरील ती प्रसिद्ध घंटाहि याच दृष्टीनें पुन्हां पाहिली. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आलेली ही पोर्तुगीज घंटा. तिच्यावर बालयेशूसह मेरीची आकृति व १७०७ हा सन आहे. छपराखालच्या त्या धातूलाहि उजेड खालच्या फरसबंदीचाच.

सर जे. जे. कलाशाळेंत शिकून कोल्हापुरास परतलेले आबालाल रहिमान (मृत्यु १९३१) कोटितीर्थाचाच परिसर पुनःपुन्हां कां रंगवीत, हें कोडें मला विद्यार्थिदशेपासून होतें. मेणवलींत एकाच पायरीचीं सहा चित्रें झालीं, तेव्हां तें कोडें राहिलें नाहीं.

धुणें धुणाऱ्या एका आजीबाईंनीं कागदांत डोकावून विचारलें, “ह्यो दगुड तांबडा कशापायी केलासा?” दुपारीं येऊन पाहा, म्हणालों. “दुपारचं हितं कोन येतंय?” म्हणून त्या पिळे उचलून चालत्या झाल्या.

पुढें ढग येऊं लागले, उजेड सगळीकडे सारखा झाला. सातवें चित्र अर्धेंच राहिलें आहे.