दिव्याखाली भाचा

माणसानं काय जमवावं याला धरबंध नाही. आमचा न्यू जर्सीतला भाचा जुने दिवे जमवतो. जुने अमेरिकन दिवे! (अमेरिकेत अमेरिकन दिवे जमवण्यात विशेष ते काय, हे मी विचारलं नाही. मला त्याच्याकडे दीड महिना राहायचं होतं.)

टिफनीचे रंगीत काचांचे दिवे त्याच्या आवाक्यातले नव्हेत. 2018 साली त्यातला एक लिलावात 33 लाख डॉलरच्या वर गेला. भाच्याचा जीव जडलाय तो पितळी झुंबरांवर. साधारण 1890 ते 1910 मधली ही झुंबरं दुहेरी असतात. काही हात वर तोंड केलेले, ते गॅसचे; काही खाली, ते विजेचे. एडिसननं 1882 साली न्यूयॉर्कात पर्ल स्ट्रीटवर वीजघर काढलं खरं, पण वीज गेली तर? म्हणून लोकांनी गॅसही राहू दिला. हे ऐकून मला त्या देशाबद्दल एकदम आपुलकी वाटली. ट्यूबलाइट आल्यावर आपण तरी कंदील कुठं टाकून दिला?

हे दर्दी लोक दिवा बघत नाहीत, बैलबाजारात दात मोजावेत तसा तपासतात. काचेच्या शेडचं तोंड सव्वादोन इंच, तर ती विजेची. चार इंच, तर गॅसची. फुलं रंगवलेल्या गोल काचांचा एक रॉकेलचा दिवा 'गॉन विथ द विंड' या नावानं विकतात. सिनेमा 1939 चा, त्यातली लढाई 1861 ते 65 ची, आणि असले दिवे निघाले लढाईनंतर! पण नाव पडलं ते पडलं.

आणि पितळ घासायचं नाही. घासलं की किंमत उतरली. अक्का, म्हणजे त्याची आई, चिंच भिजवून तयार होती. भाच्यानं वाटीच हिसकावली.

"आई, हा रंग चढायला शंभर वर्षं लागलीत!"

"म्हणजे शंभर वर्षं कुणी हात लावला नाही?"

अक्कानं आठव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत रोज तिन्हीसांजेला राखेनं कंदिलाच्या काचा पुसल्या. काचेत जाईल एवढा लहान हात घरात तिचाच. एकदा आतल्या आत काच तडकली; तिचा व्रण तळव्यावर अजून आहे. भाच्यानं तो त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. बराच वेळ हात हातात धरून बसला होता.

रात्री त्यानं आईसाठी तो रॉकेलचा दिवा लावला. अक्का लांबूनच म्हणाली, "वात एकसारखी कापली नाहीस. काच काळी होणार."

झाली.