मारुती कांबळे कोण होता? : ‘सामना’ आणि एका प्रश्नाचा इतिहास

१/ एखाद्या चौकशीचा अहवाल गडप झाला, एखादे प्रकरण मिटवले गेले, की मराठी माणूस हसून विचारतो : मारुती कांबळेचं काय झालं? हा प्रश्न ‘सामना’ चित्रपटातला आहे, हेही अनेकांना माहीत असते. मात्र मारुती कांबळे कोण होता, असे विचारले की बहुतेक जण थबकतात. आजचा थ्रेड या विस्मरणाविषयी.

२/ ‘सामना’ हा जब्बार पटेल यांचा पहिला चित्रपट. पटकथा विजय तेंडुलकरांची, निर्मिती रामदास फुटाणे यांची. १९७५ साली तो बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. एका बाजूला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले), दुसऱ्या बाजूला दारूत बुडालेला, गावात उपरा असलेला मास्तर (श्रीराम लागू).

३/ हिंदुराव या उपऱ्याला हाकलून देत नाही. त्याचा पाहुणचार करतो. आपण हसतो ते या पाहुणचाराला. तेवढ्यात मास्तरच्या कानावर एक नाव पडते आणि तो प्रश्न विचारू लागतो. दारू पाजली तरी प्रश्न बुडत नाही. विनोद तोच राहतो. हसू मात्र घशात अडकते.

४/ हा हिंदुराव आला कोठून? १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचे ते स्वप्न सावकारी पाशातून शेतकऱ्याला सोडवण्याचे होते. १९६२मध्ये जिल्हा परिषदा आल्या. कारखाना, बँक, परिषद या तिन्ही किल्ल्या अनेक ठिकाणी एकाच घराण्याच्या हाती गेल्या.

५/ सहकारात एका सभासदाला एक मत. परंतु ऊस पिकवणारा शेतकरी सभासद. ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो दाराबाहेर. मोहन आगाशे यांनी रंगवलेला मारुती हिंदुरावाच्या सत्तेपुढे वाकत नाही. त्याचे आडनाव कांबळे आहे. दलित पँथरची स्थापना १९७२ची. त्या काळच्या प्रेक्षकाला याहून अधिक सांगावे लागले नसेल.

६/ याच जातीचा एक काळा विनोदपट चेकोस्लोव्हाकियात आधी होऊन गेला : मिलोश फोरमन यांचा ‘द फायरमेन्स बॉल’ (१९६७). अग्निशामक दलाचा नाचगाण्याचा समारंभ. सोडतीतली बक्षिसे एकेक करून चोरीला जातात. मध्येच एका म्हाताऱ्याचे घर जळते. दयाळू मंडळी त्याला मदत म्हणून सोडतीची तिकिटे देतात. बक्षिसे तर केव्हाच लंपास झालेली!

७/ चोरापेक्षा दलाच्या अब्रूची काळजी मोठी, हे त्या चित्रपटाचे मर्म. १९६८च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले आणि पुढे या चित्रपटावर बंदी आली. आपला हिंदुरावही गावाच्या विकासाचाच हवाला देणारा. दोन्हीकडे संस्था जपली जाते आणि माणूस हरवतो.

८/ मी वाकडला राहतो. शेजारच्या हिंजवडीत जेथे संगणक उद्योग उभा राहिला, तेथे आधी साखर कारखाना व्हायचा होता, असे शरद पवार यांनी जाहीरपणे सांगितले आहे. संत तुकाराम सहकारी साखर कारखाना पुढे कासारसाईला झाला. दूरदृष्टीचे उदाहरण म्हणून ही हकिकत आमच्याकडे नेहमी ऐकवली जाते.

९/ ती ऐकताना मला नेहमी एक प्रश्न पडतो. शेते गेली तेव्हा मोबदला सातबाऱ्यावरच्या नावांना मिळाला. त्याच शेतांत पिढ्यान्‌पिढ्या मजुरीने राबलेल्यांचे नाव कोणत्या कागदावर होते? मोबदल्याच्या यादीत जे नव्हते, ते गावाच्या इतिहासातही सहसा सापडत नाहीत.

१०/ इतिहासाची आवड असणाऱ्यांनी ‘सामना’ म्हणूनच साधन म्हणून पाहावा. दफ्तरात धोंडे पाटलाच्या नोंदी मिळतील. त्याचे ठराव, उद्घाटने, छायाचित्रे मिळतील. कांबळेची नोंद मिळेलच असे नाही. ती वयस्कर माणसांशी बोलून, नावानिशी, आपल्यालाच लिहून ठेवावी लागेल. आपापल्या गावापासून सुरुवात करा. जी नावे सापडतील, ती या थ्रेडखाली जरूर लिहा.