भ्रातृसंघ, बोर्डिंग आणि आडनाव

धाराशिव

चि. पुतणीस,



अमेरिकेतील विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे जे खासगी संघ असतात, मुलांच्या संघांना फ्रॅटर्निटी व मुलींच्या संघांना सोरॉरिटी म्हणतात आणि ज्यांची नावे ग्रीक वर्णमालेतील दोन-तीन अक्षरांची असतात, त्यांपैकी दक्षिण आशियाई मुलींच्या एका संघात नाव घालावे की नाही, हा तुझ्या पत्रातील प्रश्न वरवर पाहता राहण्या-वावरण्याच्या सोयीचा वाटतो. परंतु धाराशिवसारख्या भागातून शिक्षणासाठी बाहेर पडलेल्या प्रत्येक पिढीला तो निराळ्या रूपात पडलेला आहे आणि महाराष्ट्रातील वसतिगृहांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास हाच त्याच्या उत्तराचा आधार आहे. त्यामुळे 'हो' किंवा 'नाही' एवढे लिहून भागणारे नाही.

या संघांची परंपरा 1776 साली व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात स्थापन झालेल्या फाय बीटा कप्पा या मंडळापर्यंत मागे जाते. पुढे एकोणिसाव्या शतकात त्यांना स्वतःची घरे, स्वतःची स्वयंपाकघरे, गुप्त विधी आणि माजी सदस्यांचे भक्कम जाळे लाभले, आणि नोकरी, राजकारण व लग्नसंबंध यांची वाट त्या घरांतून जाऊ लागली. नवे सदस्य निवडण्याच्या हंगामाला तेथे 'रश' म्हणतात. त्या काळात जुने सदस्य नवागतांना पारखतात आणि मतदान करतात, आणि माजी सदस्यांच्या मुलामुलींना अनेक ठिकाणी झुकते माप मिळते. ज्या घरात आजी किंवा आई सदस्य होती तेथे नातीला दार सहज उघडते, आणि जिच्या आजीला त्या विद्यापीठाच्या फाटकातच प्रवेश नव्हता तिच्यासाठी ते दार आपोआप बंद राहते. यासाठी वेगळा मज्जाव लिहून ठेवण्याची गरज पडत नाही. तरीही अनेक संघांनी तो लिहून ठेवला होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत 'केवळ श्वेतवर्णीय' अशी कलमे त्यांच्या घटनांत उघडपणे होती, आणि 1948 साली अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयातील फाय कप्पा साय या संघाच्या शाखेने एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला सामावून घेतले तेव्हा मध्यवर्ती संघटनेने त्या शाखेवरच कारवाई केली. कलमे पुढे पुसली गेली, पण सवय उरली. अलाबामा विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना 1963 साली प्रवेश मिळाला, आणि त्यानंतर पन्नास वर्षांनी, 2013 च्या सप्टेंबरमध्ये, तेथील विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने दाखवून दिले की गुणवत्तेत कोठेही कमी नसलेल्या कृष्णवर्णीय मुलीला श्वेतवर्णीय मुलींच्या संघांनी नाकारले होते आणि त्यामागे माजी सदस्यांचा दबाव होता.

ज्यांना दार बंद होते त्यांनी आपले घर बांधले. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात मूठभर कृष्णवर्णीय विद्यार्थी होते. एकटेपणामुळे त्यांच्यातील काहींनी शिक्षण अर्धवट सोडल्यावर उरलेल्यांनी अभ्यासासाठी व परस्परांच्या आधारासाठी एक मंडळ जमवले आणि डिसेंबर 1906 मध्ये त्यातून अल्फा फाय अल्फा हा संघ उभा राहिला. 1908 साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कप्पा अल्फा हा कृष्णवर्णीय मुलींचा पहिला संघ निघाला. दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांचे संघ बरेच अलीकडचे आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 1996 साली सिग्मा बीटा रो आणि ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात 1998 साली मुलींचा कप्पा फाय गॅमा हे त्यांतील ठळक होत.

महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या सुरुवातीस जे घडले ते अधिक बोलके आहे. कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुले असे वसतिगृह काढण्याचा प्रयत्न शाहू महाराजांनी प्रथम करून पाहिला होता, परंतु ते नावापुरतेच सर्वांचे राहिले आणि प्रत्यक्षात ब्राह्मण विद्यार्थ्यांनीच भरले. त्यानंतर महाराजांनी निराळा मार्ग धरला. 1901 साली मराठा विद्यार्थ्यांचे बोर्डिंग निघाले, त्याच सुमारास जैन विद्यार्थ्यांचे, 1906 साली मुस्लिम विद्यार्थ्यांचे आणि 1908 साली अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचे. पुढे लिंगायत, दैवज्ञ, शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती अशी बोर्डिंगांची रांगच लागली. जातिभेदाला विरोध करणारा राजा जातवार वसतिगृहे काढतो, हा विरोधाभास असल्याचे त्या काळीही बोलले गेले. परंतु खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात कोणी खोली देत नाही, खाणावळीत पान मांडत नाही आणि सर्वांसाठीच्या वसतिगृहात एकाच जातीचे राज्य चालते, अशा स्थितीत आधी त्याच्या डोक्यावर छप्पर घालणे हेच न्यायाचे होते, आणि तसे नसते तर पश्चिम महाराष्ट्रातील बहुजनांची शिकलेली पहिली पिढी तयारच झाली नसती.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी त्यापुढचे पाऊल टाकले, आणि ते अधिक अवघड होते. रयत शिक्षण संस्था 1919 साली काले येथे स्थापन झाली व 1924 मध्ये साताऱ्यास आली. तेथील छत्रपती शाहू बोर्डिंगात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एकाच छपराखाली राहत, स्वतःच भाकऱ्या थापत आणि एकाच पंगतीला बसत. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या बोर्डिंगाचे नामकरण झाले. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, ही हकिकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण त्या काळातील घरंदाज स्त्रीने सोवळे-ओवळे बाजूला ठेवून सर्व जातींच्या मुलांना जेवू घालणे, हा त्याग दागिन्यांहून मोठा होता असे प्रस्तुत पत्रलेखकाला वाटते.

मराठवाडा मात्र 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात राहिला, त्यामुळे या चळवळीचा लाभ येथे उशिरा पोहोचला. आज धाराशिव जिल्ह्यात मोडणाऱ्या कसबे तडवळ्यास 1941 च्या फेब्रुवारीत बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. त्याच बाबासाहेबांनी राहण्याच्या जागेच्या प्रश्नाची दोन्ही टोके स्वतः अनुभवली होती. 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेल्यावर ते तेथील हार्टले हॉल या वसतिगृहात राहिले आणि पुढे नवल भथेना या पारशी मित्राबरोबर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. आणि तोच मनुष्य एवढे शिकून 1917 साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाला तेव्हा त्याला राहायला जागा मिळेना, नाव लपवून पारशी धर्मशाळेत उतरावे लागले आणि तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. मात्र त्यावरून न्यूयॉर्क म्हणजे समतेची भूमी असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण 1921 साली लँग्स्टन ह्यूज हा पुढे मोठा कवी झालेला कृष्णवर्णीय तरुण त्याच हार्टले हॉलमध्ये आधी राखून ठेवलेली खोली मागायला गेला, तेव्हा त्याचा वर्ण पाहून तेथील लोक गोंधळात पडले होते. आणि 1924 साली फर्नाल्ड हॉलमध्ये एक कृष्णवर्णीय विद्यार्थी राहतो म्हणून त्या वसतिगृहासमोर क्रूस जाळून दहशत घालण्यात आली. भारतातून आलेल्या अस्पृश्य विद्यार्थ्याला जे मिळाले ते अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीयाला सुखासुखी मिळत नव्हते. परका मनुष्य कोणत्या पायरीवर बसवायचा हे ठरवणारी उतरंड प्रत्येक समाजाजवळ असते आणि परक्याला ती सहसा दिसत नाही.

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले, आणि नागसेनवन या परिसरातील त्याच्या वसतिगृहांमुळे मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील दलित मुलांना प्रथमच बरोबरीच्या नात्याने राहता आले. या परिसरातून मराठी दलित साहित्याची एक संपूर्ण पिढी निघाली. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' हे नियतकालिक येथल्याच वातावरणात वाढले. वेगळ्या घरात एकत्र येणे म्हणजे समाजापासून तुटणे, असे म्हणणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात घ्यावे, कारण त्या घराने आपल्या मुलांना तोंड लपवायला शिकवले नाही, बोलायला शिकवले, आणि मराठी साहित्याचा मुख्य प्रवाह त्यामुळे बदलला.

धाराशिव जिल्ह्यातच तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला भटक्या-विमुक्त समाजांतील मुलांसाठी 1990 च्या दशकात निवासी शाळा सुरू झाली. 1871 च्या कायद्याने ज्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले आणि 1952 साली ज्यांची त्या शिक्क्यातून कायद्याने सुटका झाली, त्यांतील पारधी मुलाला गावच्या शाळेत आजही संशयाने पाहिले जाते. चोरी झाली की नजर आधी त्याच्या दप्तराकडे जाते. अशा मुलाला सर्वांबरोबर वाढू द्या हा उपदेश सोपा आहे, परंतु जेथे कोणी संशय घेत नाही असे एक ठिकाण त्याला आधी लागते.

येथवर वेगळ्या घराची बाजू मांडली. आता दुसरी बाजू, आणि ती तुझ्या बाबतीत अधिक महत्त्वाची आहे. वेगळे घर बांधणारेही आपल्या घरात नवी उतरंड उभारू शकतात, कारण जातीची सवय आपल्याबरोबरच येते. पुण्यात खोली शोधणाऱ्या येथील मुलाला घरमालक भाडे सांगण्याआधी आडनाव विचारतो, आडनावावरून अंदाज आला नाही तर गाव विचारतो, पाहुणे कोण हे विचारतो, आणि शेवटी 'आपल्यातलाच आहे' असा निर्वाळा मिळाला की किल्ली देतो. शासनाची स्वाधार योजना 2016-17 पासून अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध मुलांना वसतिगृहाऐवजी जेवण-निवासासाठी रोख रक्कम देते, पण किल्ली देणारा हात घरमालकाचाच राहतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत 2007 साली सुखदेव थोरात समितीला असे आढळले की अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी छळ टाळण्यासाठी वसतिगृहांच्या ठरावीक मजल्यांवर एकवटले होते. 2023 साली मुंबईच्या आयआयटीत खानावळीतील काही मेजे केवळ शाकाहारींसाठी राखून ठेवली गेली आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दंड झाला. सर्वोत्तम समजल्या जाणाऱ्या संस्थांत हे घडते, तर समुद्र ओलांडल्याने ते संपेल असे मानायला कोणताही आधार नाही.

आधार उलटच मिळतो. ब्रँडाइस विद्यापीठाने 2019 साली आणि कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठ समूहाने 2022 साली भेदभावविरोधी नियमांत जातीचा उल्लेख केला, फेब्रुवारी 2023 मध्ये सिअ‍ॅटल हे जातिभेदावर बंदी घालणारे अमेरिकेतील पहिले शहर ठरले, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये नाकारले. या नियमांना भारतीय वंशाच्याच अनेक संघटनांनी विरोध केला, त्यातील काहींचे म्हणणे असे की त्यामुळे एका समाजाकडे बोट दाखवले जाते. ही भीती पूर्णपणे निराधार नाही. परंतु श्वेतवर्णीयांच्या संघांनी मज्जावाची कलमे काढून टाकण्यास जेव्हा नकार दिला, तेव्हा आपली मैत्री आपण निवडणार, त्यात बाहेरच्याने पडू नये, असेच तेही म्हणत होते. वर्णामुळे जो अल्पसंख्य ठरतो तो जातीमुळे आपल्याच घरात बहुसंख्य आणि सत्ताधारी असू शकतो, आणि अल्पसंख्य म्हणून सोसलेला अपमान त्याला दुसऱ्याचा अपमान करण्यापासून आपोआप रोखत नाही.

तेव्हा संघात जरूर जावे. नव्या देशात रात्री आजारी पडल्यावर वरण-भात रांधून देणारे कोणीतरी जवळ हवे, आणि आपली भाषा, आपले सण, आपल्या आईची काळजी न समजावता समजणाऱ्या मैत्रिणी मिळणे हे लहान सुख नाही. मात्र नाव घालण्याआधी एवढे पाहावे की त्या घरात पाकिस्तानी, बांगलादेशी, नेपाळी मुली केवळ छायाचित्रापुरत्या आहेत की पदाधिकारीही आहेत, मुसलमान मुलीच्या जेवणाची सोय होते का, आडनावावरून थट्टा होते का, आणि माजी सदस्यांच्या शिफारशीवाचून आलेल्या मुलीला किती मते पडतात. आत गेल्यावर पुढच्या वर्षी निवडीच्या बैठकीत बसण्याची पाळी येईल. त्या बैठकीत कोणी नवागत मुलीचे आडनाव विचारले, तर तो प्रश्न तेथेच थांबवावा आणि का थांबवला हे सर्वांसमोर सांगावे, एवढी तुला कळकळीची विनंती.

इकडे सर्व क्षेम आहे. पत्राचे उत्तर सवडीने द्यावे.

तुझे,
काका